देवाच्या नांवानें राखलेलें रान

सह्याद्रीचा कोणताही घाट उतरून कोंकणांत जावें, किंवा मावळांतील एखाद्या खोऱ्यांतून पायवाटेनें डोंगर चढावा. वाटेंत एक दृश्य हटकून दृष्टीस पडतें. भोंवतालचे डोंगर उघडे असतात. चैत्र-वैशाखांत त्यांवर वाळलेल्या गवताखेरीज फारसें कांहीं उरलेलें नसतें. अशा एखाद्या उघड्या डोंगराच्या कुशींत, गांवापासून हाकेच्या अंतरावर, गर्द झाडीचा एक पुंजका उभा असतो. त्याची कड रेघ मारून आंखल्यासारखी स्पष्ट दिसते. रेघेच्या अलीकडे माळ, पलीकडे अरण्य. तेथें तारेचें कुंपण नसतें, पहारेकरी नसतो आणि पाटीही बहुधा नसते. आंत शिरल्यावर उन्हाचा ताव एकाएकीं कमी होतो, पायाखालीं कुजक्या पानांचा मऊ थर लागतो, आणि एखाद्या जुनाट झाडाच्या बुंध्याशीं शेंदूर माखलेला एक ओबडधोबड पाषाण दिसतो. ह्या रानाला घाटावर देवराई म्हणतात; दक्षिण कोंकणांत देवरहाटी आणि गोमंतकांत देवराय हीं त्याचींच नांवें. राजस्थानांतील ओरण, छोटा नागपुरांतील सरना, कुर्गांतील देवरकाडु आणि केरळांतील कावू हीं त्याचींच भावंडें होत.

ह्या रानांची ओळख सामान्यतः एका वाक्यांत करून दिली जाते : देवाच्या भीतीनें लोकांनीं येथील पानालाही हात लावला नाहीं, म्हणून रान राहिलें. हें वाक्य खोटें नाहीं, पण अपुरें आहे. भीतीनेंच रान राहत असतें, तर जेथें जेथें देव आहे तेथें तेथें रान असावयास हवें होतें. वस्तुस्थिति अशी आहे कीं, देव जागच्या जागीं असूनही शेंकडों देवराया गेल्या दोनशें वर्षांत विरळ झाल्या, आणि कांहींचें तर केवळ नांव उरलें. तेव्हां रान राखण्याचें आणि मोडण्याचें खरें कारण शोधावयाचें, तर गांवानें ह्या रानाचा उपयोग कसा केला, त्यावर आपला हक्क कसा मानला आणि तो हक्क पुढें कोणाच्या हातीं गेला, हा इतिहास पाहिला पाहिजे.

प्रथम उपयोगाचा विचार करूं. देवराई म्हणजे कोणीही पाऊल न टाकलेलें अरण्य, ही कल्पना शहरांत बसून केलेली आहे. गांवाच्या वर्षभराच्या व्यवहारांत ह्या रानाला निश्चित स्थान असे. वाघजाई, काळकाई, सोमजाई, जननी, भैरोबा, म्हसोबा, वेताळ अशीं तेथील दैवतें. त्यांच्या जत्रा, नवस, पालख्या तेथेंच होत. सिंधुदुर्गाच्या बाजूस जत्रेच्या रात्रीं देवळापुढच्या आवारांत दशावतारी नाटकें रंगतात, तेव्हां रंगभूमीच्या मागें उभा असलेला पडदा हा पुष्कळदां रहाटीचाच असतो. पण देवकार्यापुरतेंच हें नातें नव्हतें. रानांतील हिरडा, बेहडा, बिब्बा, शिकेकाई, जांभूळ, रायवळ आंबा हीं झाडें गांवाच्या ओळखीचीं असत. गळून पडलेलें फळ उचलण्यास बहुतेक ठिकाणीं मोकळीक असे. वैदू आणि जाणते लोक मुळ्या व साली नेत, त्याही बेतानें. गारंबीसारखी अजस्र वेल जेथें एखाद्याच राईंत उरली होती, तेथें तिच्या सालीसाठीं दूरदूरच्या गांवांहून माणसें येत. कारण गुरांच्या औषधांत तिचा उपयोग होतो अशी समजूत होती. भीमाशंकराच्या परिसरांत आहुप्यासारख्या गांवीं महादेव कोळी समाजानें अशा राया राखल्या, आणि त्याच समाजाच्या संसाराला हिरड्याच्या फळांचा आधारही राहिला.

नियम सर्वत्र सारखे नव्हते. कोठें वठलेलें झाडदेखील जागींच कुजूं द्यावें असा दंडक होता. कोठें वाळलेलें लांकूड देवळाच्या दुरुस्तीस किंवा उत्सवाच्या गांवजेवणास चालत असे. एका गोष्टींत मात्र बहुतेक गांवांचें एकमत होतें. राईंतील वस्तु विकावयाची नाहीं, आणि एकट्यादुकट्यानें आपल्या गरजेसाठीं कुऱ्हाड चालवावयाची नाहीं. देवळाच्या तुळईसाठीं झाड हवें असलें, तर कौल लावावा लागे. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या किंवा कळे चिकटवी, गांवाचें गाऱ्हाणें घाली, आणि उजवा कळा पडतो कीं डावा, हें पाहत सारा गांव ताटकळत उभा राही.

ह्या कौलाकडे केवळ भोळा समज म्हणून पाहणें सोपें आहे. परंतु त्याचें व्यावहारिक अंग दुर्लक्षूं नये. कौल एकांतांत लागत नसे. तो मानकऱ्यांच्या आणि गांवकऱ्यांच्या देखत लागे. त्यामुळें झाड कोणासाठीं हवें, कशासाठीं हवें आणि किती हवें, हें उघडपणें सांगावें लागे. निर्णयास वेळ लागे, आणि त्या वेळांत कुरबुर, शंका, हरकत ह्या सर्वांना तोंड फुटे. ज्याला गुपचूप झाड न्यावयाचें असेल, त्याला ही रीत मोठी अडचणीची होती. देवाचा होकार हें तिचें बाह्य रूप. सर्वांची साक्ष हा तिचा गाभा.

सर्वांत मोठा उपयोग मात्र दिसण्यांत न येणारा होता, आणि तो पाण्याचा. कोंकणांत वर्षाकाठीं शंभर-सव्वाशें इंच पाऊस पडतो. तरी फाल्गुन सरतां सरतां विहिरी तळ गांठतात. जांभ्या दगडाच्या सड्यावरून पाणी पाहतां पाहतां खाडीला जाऊन मिळतें. राईंत तसें होत नाहीं. दाट छत्रामुळें पावसाचा मार जमिनीवर थेट बसत नाहीं, पालापाचोळ्याचा थर पाणी शोषून घेतो, आणि मुळांनीं पोखरलेल्या मातींतून तें हळूहळू झिरपत राहतें. म्हणूनच किती तरी देवरायांच्या पोटांत किंवा पायथ्याशीं बारमाही झरा, कुंड अथवा तळी आढळते. ह्या झऱ्याचें पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला राईचें मोल शिकवावें लागत नसे. महाड तालुक्यांत वाळण येथें तर देवीच्या नांवाचा हा नियम रान ओलांडून नदींत उतरला आहे. तेथील कोंडींतले महाशीर मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी धरीत नाहीं.

हें सारें पाहून बाहेरच्या माणसाला काय वाटे, ह्याची एक नोंद उपलब्ध आहे. १७९९ सालीं टिपूचा पाडाव झाल्यावर गव्हर्नर-जनरल वेलस्ली ह्यानें फ्रान्सिस बुकानन नांवाच्या वैद्यास म्हैसूर, कानडा आणि मलबार ह्या मुलुखांची पाहणी करण्यास पाठविलें. १८०० व १८०१ ह्या दोन सालांत त्यानें हा प्रवास केला आणि १८०७ मध्यें त्याचा वृत्तान्त छापून निघाला. गोमंतकाच्या दक्षिणेस, कारवारच्या बाजूस, त्याला असें आढळलें कीं, तेथील रानें त्या त्या गांवच्या देवांच्या मालकीचीं मानलीं जातात; गांवच्या मुख्याची परवानगी घेतल्याखेरीज झाड तोडीत नाहींत; आणि परवानगीबद्दल देवाला कांहीं द्यावें लागत नसलें, तरी ती न घेतल्यास देव कोपतो अशी श्रद्धा आहे. एवढें नमूद करून त्यानें आपलें मत दिलें, तें असें कीं, ही सरकारनें रानावर मालकी सांगूं नये म्हणून योजिलेली केवळ एक युक्ति दिसते.

बुकाननच्या ह्या शेऱ्यांत तुच्छता आहे, पण एक मोठें सत्यही आहे. त्याला युक्ति दिसली, कारण कोठें किती लांकूड आहे आणि तें कंपनी सरकारच्या पदरांत कसें पडेल, हें पाहण्याच्या दृष्टीनेंच तो हिंडत होता. गांवकऱ्यांच्या लेखीं श्रद्धा आणि हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. "रान देवाचें आहे" ह्या वाक्याचा अर्थ तें कोणा एकाचें नाहीं, विकाऊ नाहीं, आणि दूरच्या सत्ताधीशाचेंही नाहीं, असा होत होता. देव हा गांवाचा असा रहिवासी होता कीं ज्याला पैशाची नड लागत नाहीं, जो मरत नाहीं आणि ज्याचे वारस वांटणी मागत नाहींत. असा मालक शोधून काढणें ही युक्ति असेल, तर ती फार शहाणपणाची युक्ति म्हटली पाहिजे.

मराठी राज्यकर्त्यांना झाडांवरील रयतेचा हा जीव ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें ह्याचा विचार आला आहे. तेथें अशी ताकीद आहे कीं, आंबे-फणसासारख्या झाडांना बळजबरीनें हात लावूं नये. कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत आणि रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. जीर्ण झाड हवेंच असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावें. ही आज्ञा देवराईविषयीं नाहीं, तरी तींत एक तत्त्व आहे. राज्याची गरज कितीही मोठी असली, तरी झाडाजवळ राहणाऱ्या माणसाला विचारल्यावांचून तें तोडावयाचें नाहीं, हें तें तत्त्व होय.

इंग्रजी अमलांत नेमकें हेंच तत्त्व सुटलें. जहाजांसाठीं साग, पुढें आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लांकडी पाटे आणि इंजिनांत जाळावयास सरपण अशी मागणी एकसारखी वाढत गेली. १८६४ सालीं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिच ब्रँडिस हा हिंदुस्थानचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला. १८६५ मध्यें पहिला वनकायदा आणि १८७८ मध्यें अधिक कडक असा दुसरा कायदा झाला. दुसऱ्या कायद्यानें सरकारला मोठमोठीं रानें राखीव ठरवितां आलीं. गांवांना स्वतःचीं रानें नेमून देण्याचीही तरतूद त्यांत होती आणि ब्रँडिसचा कल तिच्याकडे होता. परंतु ती बहुतांशीं कागदावरच राहिली. ज्या व्यवस्थेनें शतकानुशतकें रान राखलें होतें, तिला कायद्यांत नांव मिळालें, पण जागा मिळाली नाहीं.

ह्याची झळ सर्वांत आधीं ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना लागली. भाताच्या रोपासाठीं जमीन भाजावयाची, तर राब लागतो. राबासाठीं झाडांच्या फांद्या आणि पाला लागतो. तो तोडण्यावर निर्बंध आले. गुरचरणाला अडथळे झाले. जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्यांच्या गुरांची चराई बंद केल्याबद्दल कठोर शब्दांत तक्रार केली आहे. ओरड इतकी वाढली कीं, १८८५ सालीं सरकारला मुंबई इलाख्यासाठीं एक वनचौकशी मंडळ नेमावें लागलें, आणि त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर पडला.

ह्या गडबडींत देवरायांचें काय झालें? सरसकट एकच उत्तर देतां येत नाहीं. मोजणीच्या वेळीं कांहीं राया राखीव जंगलाच्या पोटांत गेल्या; कांहींची नोंद सरकारी पड म्हणून झाली; कांहीं देवस्थानाच्या नांवावर राहिल्या; कांहीं खासगी मालकीच्या ठरल्या. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें ह्या सर्व जमिनी एकाच देवाच्या होत्या. दप्तराच्या दृष्टीनें त्या चार निरनिराळ्या धन्यांच्या झाल्या. जेथें जंगलखात्याची मालकी आली, तेथें एखाद्या वर्षीं तोडीच्या आंखणींत राईचीही गणना होऊं लागली. जेथें खासगी मालकी आली, तेथें कोळसा पाडणाऱ्या ठेकेदाराला एकाच माणसाची संमति पुरेशी झाली. गाऱ्हाण्याची आणि कौलाची गरज उरली नाहीं. मुंबई-पुण्याच्या चुली आणि भट्ट्या पेटत्या ठेवण्यासाठीं सह्याद्रीच्या उतारांवर कित्येक वर्षें कोळशाच्या भट्ट्या धुमसत होत्या, आणि त्यांत जुन्या राईंचेही बुंधे गेले.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, ह्या कायद्यांच्या घडणींत ज्याचा हात होता, त्या ब्रँडिसनेंच १८९७ सालीं हिंदुस्थानांतील देवरायांवर स्वतंत्र लेख लिहून त्यांना देशी वनविद्येचा नमुना म्हणून गौरविलें. ज्या विद्येचें श्रेय परदेशी खात्याला दिलें जात होतें, ती येथल्या खेड्यांत पूर्वीपासून होती, ही कबुली एका अधिकारी पुरुषाच्या लेखणींतून आली. दुर्दैवानें ती राई राखणाऱ्यांच्या कानांपर्यंत पोंचली नाहीं.

त्यानंतर पाऊणशें वर्षांनीं, १९७० नंतरच्या काळांत, पुण्याच्या दोन अभ्यासकांनीं हा विषय पुन्हां हातीं घेतला. एक माधव गाडगीळ आणि दुसरे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक. गांवोगांव पायीं हिंडून त्यांनीं राया पाहिल्या, झाडांची यादी केली, गुरवांना आणि म्हाताऱ्यांना नियम विचारले. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचींत महाराष्ट्रांतील २३३ देवरायांची नोंद होती. पुढील काळांत इतरांनीं केलेल्या गणनांत हा आकडा दोन हजारांच्या पलीकडे गेला. त्यांत चारदोन झाडांची राई आहे, तशीच कित्येक एकरांची आहे.

ह्या भ्रमंतींतील श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवची हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथील काळकाईची राई तोडण्यासाठीं जंगलखात्यानें आंखून ठेविली होती. राईंतून निघणारा ओहोळ हा गांवाचा पाण्याचा आधार होता. हे अभ्यासक देवरायांची माहिती गोळा करीत आहेत असें कळतांच गांवकऱ्यांनीं आपण होऊन त्यांना गांठलें आणि राई वांचविण्याची विनंति केली. त्यांच्या मागणींत देवीचा कोप होता, तसा पाण्याचा हिशेबही होता, आणि ह्या दोहोंत त्यांना कांहीं विसंगति वाटत नव्हती. पूर्वीच्या काळीं अशी विनंति काळकाईपुढें झाली असती. आतां ती पुण्याच्या विद्वानांपुढें करावी लागली. कौल देण्याचा अधिकार गांवाबाहेर गेला होता, तो ह्या अर्थानें.

अभ्यासकांनीं ह्या रानांचें दुसरें एक मोल उजेडांत आणलें, आणि तें गांवकऱ्यांनाही नवीन होतें. भोंवतालच्या मुलुखांतून नाहींशा झालेल्या वनस्पति राईंत टिकून राहिलेल्या आढळल्या. गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत निरंकाराची राय म्हणून एक देवराय आहे. तेथें रानजायफळाच्या जातीचीं झाडें गोड्या पाण्याच्या दलदलींत उभीं आहेत. त्यांचीं मुळें श्वास घेण्यासाठीं गुडघा दुमडल्यासारखीं चिखलांतून वर येतात. अशी दलदल हें अतिप्राचीन अरण्याचें लक्षण मानतात, आणि पश्चिम घाटांत ती फार थोड्या जागीं शिल्लक आहे. पुढें सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्ग तालुक्यांतील बांबर्डे येथेंही तशीच दलदल आढळली. तीही देवाच्याच नांवें राखलेली होती. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें तिला जैवविविधतेचें वारसास्थळ म्हणून घोषित केलें. तिचें क्षेत्र अवघें २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आंतबाहेर. ज्यांनीं ती राखली, त्यांना त्या झाडांचें शास्त्रीय नांव ठाऊक नव्हतें. आणि ज्यांना नांव ठाऊक होतें, त्यांच्या येण्याआधीं कित्येक पिढ्या ती राखली गेली होती.

येथवर ऐकून जुनें तें सर्व सोनें, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. देवराईच्या व्यवस्थेंत गांव एक होता हें खरें, पण गांवांत सगळे सारखे नव्हते. मानपानाची उतरंड देवाच्या दारींही पाळली जाई. अनेक ठिकाणीं स्त्रियांना आंत जाण्याची मनाई होती, आणि गांवकुसाबाहेरच्यांना दुरूनच हात जोडावे लागत. मानकऱ्यांच्या भांडणांत पालखी वर्षानुवर्षें अडून राहिल्याचीं उदाहरणेंही कोंकणाला नवीं नाहींत. सर्वांच्या साक्षीनें कौल लागे असें म्हणतांना, त्या "सर्वांत" कोणकोण धरले जात नसत, हेंही सांगितलें पाहिजे. ज्याला राईंत पाऊल टाकूं दिलें नाहीं, त्याच्या मुलांनीं तिच्यासाठीं जीव टाकावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची?

काळ पालटला तसा राईला धोकाही नव्या दिशेनें आला. पूर्वीं देव पुष्कळदां उघड्यावर असे. अमक्या देवीला छप्पर चालत नाहीं, अशी समजूत गांवोगांव होती, आणि तिच्यामुळें आभाळ व झाडें हेंच तिचें देऊळ ठरे. पुढें मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या हातीं पैसा आला. गांवच्या देवाचें चांगलें करावें, ही त्यांची भावना शुद्ध होती. पण चांगलें म्हणजे सिमेंटचें मोठें देऊळ, फरसबंद आवार, सभामंडप आणि थेट गाभाऱ्यापर्यंत मोटार नेणारा रस्ता, असा अर्थ झाला. त्यासाठीं कोठें झाडें आड आलीं म्हणून तोडलीं, तर कोठें खर्चाची भर म्हणून विकलीं गेलीं. देव मोठा झाला आणि राई लहान झाली. ज्या श्रद्धेनें रान राखलें, तिच्याच नांवें तें मोडतां येतें, हें ह्या इतिहासांतील कटु सत्य आहे. श्रद्धा टिकली होती. पाण्याशीं, औषधाशीं, फळाशीं असलेला रोजचा संबंध मात्र सुटला होता. नळ घरांत आल्यावर झऱ्याची आठवण कमी होणें स्वाभाविक आहे. पण नळाला येणारें पाणीही कोठल्या तरी डोंगरांत मुरलेलें असतें, हें विसरणें परवडणारें नाहीं.

दरम्यान कायद्यानेंही थोडी माघार घेतली आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानें वारसास्थळांची सोय केली. त्याच वर्षीं वन्यजीव कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें गांवसमाजाच्या राखीव क्षेत्राला मान्यता दिली. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें, परंपरेनें राखलेल्या सामाईक रानावर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील ओरणांच्या प्रकरणीं आदेश देतांना त्यांची जागेवर मोजणी करावी, त्यांना वन म्हणून संरक्षण द्यावें आणि गांवसमाजाचें राखीव क्षेत्र म्हणून मान्य करावें, असें सांगितलें. साऱ्या देशासाठीं असें धोरण आखावें, अशी शिफारसही केली.

हा आदेश आनंद मानावा असा आहे. तरीही ओरणाच्या आधारानें शेळ्या-मेंढ्या आणि उंट पाळणाऱ्या, केर आणि सांगरी वेंचणाऱ्या माणसांच्या मनांत "वन" ह्या शब्दानें एक जुनी शंका जागी होते. नोंद झाल्यावर आपली वाट मोकळी राहील ना, चराई राहील ना, देवाला जाण्यास चिठ्ठी तर लागणार नाहीं ना? १८७८ च्या कायद्याचा इतरत्र आलेला अनुभव पाहतां, त्यांची ही शंका अनाठायीं म्हणतां येत नाहीं. कागदावर सुरक्षित झालेलें रान राखणाऱ्याला परकें झालें, तर राखण कोणी करावयाची, हा प्रश्न महाराष्ट्रालाही तितकाच लागू आहे.

दोनशें वर्षांच्या ह्या वृत्तान्तांतून एकच गोष्ट ठळकपणें निघते. ज्या रानाचा गांवाला उपयोग होता, त्या उपयोगाला सर्वांनीं मानलेली मर्यादा होती आणि ती मर्यादा ठरविण्याचा हक्क गांवाजवळ होता, तें रान राहिलें. ह्या तिन्हींपैकीं एक तुटलें कीं झाडी विरळ होऊं लागली. मग तो हक्क सरकारनें घेतला असो, मालकानें विकला असो, किंवा गांवानें स्वतःच विसरून टाकला असो. देवाचें नांव ह्या तिन्हींना एकत्र बांधणारी दोरी होती. ज्यांची श्रद्धा आज पूर्वींसारखी राहिली नाहीं, त्यांना ती दोरी दुसऱ्या धाग्यांची वळावी लागेल : ग्रामसभेचा ठराव, शाळेंतील मुलांनीं केलेली झाडांची नोंद, झऱ्याच्या पाण्याची मोजदाद, आणि पूर्वीं ज्यांना बाहेर ठेविलें त्यांना आंत घेणें. ज्यांची श्रद्धा कायम आहे, त्यांनीं देवीला छप्पर घालण्यापूर्वीं, तिला छप्पर चालत नाहीं असें आपले वाडवडील कां म्हणत होते, ह्याचा क्षणभर विचार करावा.